पायात घालायची विहीर

संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्याच्या वर बघा. इलॅस्टिकचा वळ उमटलेला असेल. आता नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा राहिला? मग सकाळी तुमच्या पायात नव्हतं ते पाणी आता तिथे आहे. आलं कुठून? दिवसभरात तुम्ही काही पाटात उभे नव्हतात.

सोनईच्या मुळा साखर कारखान्यात पॅनवर पाळी करणारा कामगार, शिंगणापूरच्या रस्त्यावर पूजेच्या ताटांमागे उभी असलेली बाई, फळ्यापुढचे गुरुजी, सलूनवाला, दवाखान्यातली सिस्टर, या सगळ्यांच्या पायात हे पाणी रोज उतरतं. बहुतेकांचं रात्री झोपेत निमूट परत जातं. काहींचं जात नाही. त्यांच्या पिंढरीवर निळ्या शिरांच्या गाठी उठतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट होते, मग कधीतरी तिथे खरचटतं, एवढंसं, डास चावून खाजवल्याइतकं. आणि ती जखम भरायचं नाव घेत नाही. हळद होते, मलमं होतात, गोळ्यांचा कोर्स होतो, शेजारणीनं सांगितलेला पाला होतो. वर्ष जातं. शेवटी एखादा जाणता डॉक्टर जखमेकडे कमी आणि पायाकडे जास्त बघतो आणि म्हणतो, 'याला बाहेरून दाब पाहिजे. घट्ट पट्टी बांधू, मग कायमचा मोजा.'

मोजा? वाहत्या जखमेवर उपाय म्हणून मोजा?

होय. आणि त्या कापडात काय काय दडलंय हे कळलं की आपल्याच पायाकडे बघून थक्क व्हायला होतं.

सुरुवात एका भागाकारानं करू. दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळून १२०/८० असा आकडा सांगतात, तो मिलिमीटर पाऱ्याचा. दंड हृदयाच्या पातळीला असतो म्हणून तिथे मोजायचं. पण तुम्ही उभे असताना घोट्यापाशी काय चाललेलं असतं? मध्यम उंचीच्या माणसाचं हृदय घोट्यापासून साधारण सव्वाशे सेंटिमीटर वर असतं. तेवढ्या उंचीचा रक्ताचा स्तंभ तळावर उभा आहे. पारा रक्ताच्या सुमारे तेरापट जड. १२५ ला तेरानं भागा. साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे ९५ मिलिमीटर पारा, आणि हा दाब रोहिणीतला नव्हे, परतीच्या वाटेवरच्या पातळ, लेच्यापेच्या शिरेतला. आडवं पडलेलं असताना त्याच शिरेत जेमतेम १०-१५ असतो. खाटेवरून उठून उभं राहायचा अवकाश, अर्ध्या-एक मिनिटात घोट्यातल्या शिरांवरचा भार कितीतरी पट होतो. रोज सकाळी होतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग हे रक्त वर चढतं कसं? हृदयानं दिलेला जोर केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाता जाता बहुतेक संपलेला असतो. शिवारातला ऊस बघा. दहा-बारा फूट उंच पानापर्यंत तो मुळांतलं पाणी चढवतो, आणि त्याला हृदय नाही. त्याची युक्ती अशी की पानातून पाणी वाफ होऊन उडतं आणि खालचं पाणी धाग्यासारखं वर ओढलं जातं. आपल्याला ही सोय नाही. आपल्या डोक्यातून काही उडत नाही, निदान त्या अर्थानं तरी नाही. आपल्याला खालून ढकलावं लागतं.

ढकलायचं तर आधी एक गोष्ट हवी. वर गेलेलं परत खाली येता कामा नये. त्यासाठी पायाच्या शिरांमध्ये ठरावीक अंतरावर पातळ पडद्यांच्या जोड्या आहेत. रक्त वर निघालं की त्या उघडतात, खाली घसरू लागलं की मिटतात. शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत म्हणून लोक लांबून बघायला येतात. त्यांच्या पायातला प्रकार नेमका उलटा, तिथे दारंच दारं, आणि सगळी एकाच बाजूला उघडणारी.

ही दारं इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियस नावाच्या शरीरशास्त्राच्या गुरुजींनी १६०३ मध्ये छापून जगाला दाखवली. गंमत म्हणजे त्यांना त्यांचं काम नीट उमगलं नव्हतं. रक्त पायाकडे भसकन धावू नये म्हणून हे अडथळे असावेत, असं त्यांना वाटलं. त्यांच्याच एका इंग्रज शिष्यानं, विल्यम हार्वेनं, १६२८ मध्ये सांगितलं की दारं वेग कमी करायला नाहीत, दिशा ठरवायला आहेत, आणि रक्त शरीरात गोल फिरतं. त्यानं दिलेला पुरावा इतका साधा आहे की तो तुम्ही आत्ता, बसल्या जागी तपासू शकता. हात खाली लोंबकळू द्या म्हणजे शिरा फुगतील. मनगटाजवळची एखादी ठळक शीर एका बोटानं दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं त्या शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेनं पुसत न्या. वरचं बोट उचला. शीर रिकामीच राहते! वरचं रक्त खाली उतरत नाही, दार बंद आहे. आता मनगटावरचं बोट उचला. क्षणात खालून भरली. चारशे वर्षांपूर्वी ज्यानं वैद्यकाची दिशा बदलली तो प्रयोग तुम्ही साहित्याशिवाय केलात.

दारं झाली. ढकलतं कोण? पोटरी. चालताना टाच उचलली की पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्या मधल्या आणि पोटातल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त एक मजला वर चढतं. स्नायू सैल पडला की वरची दारं मिटतात, रिकाम्या जागेत खालून नवीन रक्त येतं. डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नव्हे. नुसतं उभं असताना घोट्याच्या शिरेत ९५ असलेला दाब दहा-बारा पावलं टाकली की वीस-तीसवर येतो. दहा-बारा पावलं फक्त! म्हणून दिंडीत दिवसभर चालणाऱ्याचे पाय थकतात, पण दर्शनबारीत तितकाच वेळ तिष्ठत उभ्या राहिलेल्याचे पाय जास्त भरून येतात. अठ्ठावीस युगं विटेवर उभा राहिलेला तो एकटाच, बाकीच्यांनी अधूनमधून चालावं हे बरं.

आता दारं बिघडली तर? कुणाला घराण्याचा वारसा, कुणाला बाळंतपणं, कुणाच्या शिरेत कधीकाळी गुठळी होऊन गेलेली, कुणाचं वजन, कुणाची नोकरीच उभ्यानं. एक दार नीट मिटेनासं होतं. वरचं रक्त खालच्या कप्प्यात पडतं, कप्पा फुगतो, फुगला की पुढच्या दाराचे पडदे एकमेकांना पुरत नाहीत, तेही गळतं. असं एकेक करत संपूर्ण जिना निकामी. पोटरी बिचारी पिळत राहते, रक्त वर जातं आणि तितकंच परत कोसळतं. अशा पायात चालूनही दाब साठ-सत्तरच्या खाली उतरत नाही. दिवसभर, रोज, वर्षानुवर्षं.

एवढा दाब केशवाहिन्यांच्या भिंतींना सोसत नाही. त्यातून पाणी पाझरतं. तसं ते निरोगी माणसातही पाझरतंच, अंगभर दिवसाला काही लिटर! ते उचलून परत रक्तात नेऊन सोडायला लसिकावाहिन्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी कधी कौतुकाचा शब्द काढत नाही. या नळ्या स्वतःच आकुंचन पावतात, मिनिटाला काही वेळा, हृदयाच्या हुकमाशिवाय. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या पायात त्या धडधडताहेत. पण पाझर त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की पाणी मागे उरतं. हीच ती सूज.

पुढे तर पाण्याबरोबर तांबड्या पेशीही बाहेर पडू लागतात. त्या कातडीखाली फुटतात, त्यांच्यातलं लोह तिथेच साठतं, आणि घोट्याभोवतीची कातडी तपकिरी-काळी दिसू लागते. लोक तिला घासून काढायला बघतात. निघणार कसा? तो मळ नाही, आतून धरलेला लोहाचा डाग आहे. त्या साठ्याभोवती दाह धुमसत राहतो, कातडी आणि तिच्या खालची चरबी आवळून लाकडासारखी टणक होते, तिथे प्राणवायू आणि पोषण पोचेनासं होतं. अशा जमिनीत एक ओरखडा पुरतो.

आपल्याकडे अशा वेळी 'रक्त नासलंय' म्हणतात, कुणी जळवा लावून ते काढायलाही जातं. खरं तर त्या रक्तात काही खोट नसते. ते फक्त फार उंचावरून दाबत असतं. म्हणूनच वरून कितीही भारी मलम चोपडलं तरी जखम हटत नाही, कारण तिचं कारण जखमेत नाहीच, ते सव्वाशे सेंटिमीटर उंचीत आहे. उलट अशा पायांची कातडी मलमांना पटकन बिथरते. जखमेभोवती खाज, पुरळ, लाली येते, आणि मग त्या लालीसाठी आणखी एक मलम येतं.

उंची तर कमी करता येत नाही. मग काय करता येईल?

नेवासे तालुक्यातल्या एखाद्या बांधीव विहिरीत, पायरीचा आधार घेऊन, छातीपर्यंत पाण्यात उभं राहिल्याची कल्पना करा. पाणीही खोलीबरोबर दाबत जातं. सव्वाशे सेंटिमीटर खोलीवर, तुमच्या घोट्यापाशी, बाहेरून किती दाब येईल? भागाकार करा. ९२ मिलिमीटर पारा. आणि आतून? ९५. जवळपास फिटंफाट! गुडघ्यापाशी आतला दाब कमी, तर तिथे पाण्याचाही कमी. मांडीपाशी आणखी कमी, तर पाण्याचाही तसाच. पायाच्या प्रत्येक बोटभर उंचीवर पाणी रक्ताला बरोबर तेवढाच प्रतिदाब देतं, ना कमी ना जास्त. छातीइतक्या पाण्यात उभ्या माणसाच्या शिरांना वाटतं, मालक आडवा पडलाय.

ही गोष्ट अमेरिकेतल्या टोलेडो शहरात कॉनराड जॉब्स्ट नावाच्या जर्मनीत जन्मलेल्या इंजिनिअरच्या लक्षात आली. त्याला स्वतःला शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं असताना आपले पाय हलके होतात, बाहेर आलं की पुन्हा जड, हे त्यानं टिपलं. हजारो लोकांनी हे अनुभवलं असेल. तो इंजिनिअर असल्यामुळे त्यानं विचारलं की पाण्याचा हा आकार कापडात विणता येईल का? घोट्याला जास्त, वर जावं तसतसा कमी होत जाणारा दाब? १९५० च्या सुमारास त्यानं तसा मोजा बनवला. आज औषधाच्या दुकानात मिळणारे प्रेशरचे मोजे त्याच कल्पनेचे वंशज आहेत. पायात घालून कारखान्यात जाता येईल अशी विहीर!

निसर्गानं मात्र हे पेटंट फार आधी घेतलंय. जिराफाचा विचार करा. त्याच्या हृदयापासून खुरापर्यंत माणसाहून कितीतरी उंच स्तंभ, रक्तदाब माणसाच्या जवळपास दुप्पट, आणि उभं राहणं जन्मभराचं. त्याच्या पायांना सूज का येत नाही? १९८७ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या संशोधनात याचं उत्तर होतं. जिराफाच्या पायाची कातडी इतकी ताठ आणि घट्ट असते की ती बाहेरून दाब देत राहते. तो जन्मतःच मोजा घालून येतो. लढाऊ विमानं झपकन वळताना वैमानिकांचं रक्त पायात उतरून त्यांची शुद्ध हरपू नये म्हणून दुसऱ्या महायुद्धात जे पोशाख निघाले, त्यांचंही तत्त्व हेच.

आता मोज्यातलं खरं कौतुक. घोट्याला जास्त आणि वर कमी दाब यावा म्हणून विणकऱ्याला किती डोकं लावावं लागेल असं वाटतं ना? निम्मं काम आधीच झालेलं आहे, आणि तेही ग्रहगोलांची गणितं मांडणाऱ्या लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या एका नियमानं. गोल वस्तूभोवती कापड ताणून गुंडाळलं, तर आत पडणारा दाब ताणावर अवलंबून असतो आणि गोलाईवरही. ताण तोच ठेवला तर बारीक गोलाईवर दाब जास्त, रुंद गोलाईवर कमी. तुमचा घोटा २२ सेंटिमीटर आणि पोटरी ३६ सेंटिमीटर आहे असं धरा. एकाच ताणानं खालपासून वरपर्यंत पट्टी बांधत गेलात आणि घोट्याला ४० मिलिमीटर दाब आला, तर पोटरीला आपोआप २४ च्या आसपास येतो. पायाचा निमुळता आकारच विहिरीची नक्कल करतो.

हाच नियम चावतोही. नडगीचं हाड पुढून धारदार असतं. धार म्हणजे फार बारीक गोलाई, म्हणजे तिथे दाब प्रचंड. नवख्या हातानं नुसतं क्रेप बँडेज करकचून बांधलं तर नेमकी नडगीवर नवी जखम होते. म्हणून जाणकार आधी कापसाचा थर गुंडाळून पाय गोल करून घेतात, मग ताण देतात. बांधण्याची ही कला आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत बंधांचे चौदा प्रकार सांगितलेत, आणि हातापायांसाठीचा वेगळा आहे, अनुवेल्लित, वेलीसारखा वेढे घेत जाणारा.

आता एक कोडं. जखम बरी करायला ताणलं जाणारं कापड चांगलं की न ताणलं जाणारं? पहिलं, असंच कुणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण चालताना पोटरी फुगते तेव्हा लवचिक कापड तिच्याबरोबर ताणलं जातं. कमी ताणणारं कापड भिंतीसारखं उभं राहतं, स्नायूला बाहेर जायला जागा देत नाही, आणि स्नायूचा सगळा जोर आतल्या शिरा पिळण्यात जातो. बसलेलं असताना त्याच कापडाचा दाब हलका. म्हणजे हे कापड तुम्ही काम कराल तेव्हाच काम करतं! लवचिक मोजा आरामातही दाबत राहतो, म्हणून तो बहुतेकांनी रात्री काढून ठेवायचा. दोन्हींचे गुण एकत्र करायला लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात चार थरांचं बँडेज निघालं. कापूस, क्रेप, लवचिक थर, वरून चिकटणारा थर, आणि घोट्याला सुमारे ४० मिलिमीटर. जखमांच्या दुनियेत त्याचा बराच दबदबा झाला.

पण ते बांधायला शिकलेली नर्स हवी, आठवड्यातून निदान एकदा. सोनईतून असं बँडेज बांधून घ्यायला दर आठवड्याला नगरला जाणं किती जणांना जमेल? म्हणून २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली एक चाचणी मला फार मोलाची वाटते. ब्रिटनमधल्या साडेचारशेवर रुग्णांपैकी निम्म्यांना नर्सच्या हातचं चार थरांचं बँडेज आणि निम्म्यांना एकावर एक घालायचे दोन मोजे दिले. जखम भरायला लागलेला काळ बघा. बँडेजवाल्यांना मध्यक ९८ दिवस, मोजेवाल्यांना ९९. एका दिवसाचा फरक! वर मोजेवाल्यांमध्ये जखम पुन्हा उघडण्याचं प्रमाण कमी. सगळ्यांना मोजे झेपले नाहीत, काहींनी मध्येच सोडले, हेही त्यात नोंदलेलं आहे. पण ज्याला झेपतात त्याच्या पायाचा इलाज त्याच्याच हातात येतो.

झेपवायचं कसं, यातही भौतिकशास्त्रच आहे. पाय सर्वांत बारीक केव्हा असतो? रात्रभर आडवा राहिल्यावर. म्हणून माप सकाळी द्यायचं, घोट्याच्या सर्वांत बारीक जागी आणि पोटरीच्या सर्वांत जाड जागी, आणि मोजाही खाटेवरून पाय खाली टाकण्याआधी चढवायचा. चहा पिऊन, अंगण झाडून मग घालू म्हणाल तर शिरांनी बाजी मारलेली असते. उशीर झालाच तर अर्धा तास पाय उशांवर, हृदयाच्या वर, ठेवून पडायचं आणि मग घालायचा. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवायचं, टाच टाचेवर बसवायची आणि बाकीचा भाग तळव्यांनी चोळत चोळत वर न्यायचा. वरून धरून हिसका द्यायचा नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड अशी येते की आश्चर्य वाटावं. पंजा उघडा असलेला मोजा असेल तर पावलावर आधी गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मोजा वर गेला की पिशवी पुढून ओढून काढा. जोडवी, पैंजण आधी उतरवायचे, त्यांचा काच कातडीत रुततो. नखं कापलेली हवीत.

वर सुरकुती राहू द्यायची नाही, आणि मोजा लांब वाटला म्हणून वरची कड दुमडायची तर मुळीच नाही. का? लाप्लास पुन्हा हजर. दुमडली की दोन थर, दोन थर म्हणजे दुप्पट दाब, आणि तोही सर्वांत वर. विहीर उलटी झाली! खालचं रक्त अडकून पाय आणखी सुजतो. रात्री मोजा काढल्यावर कातडीला साधं व्हॅसलीन लावावं. सकाळी तेल लावून वर मोजा घातला तर धागा लवकर मरतो. मोजा सौम्य साबणात धुवून सावलीत वाळवायचा. धाग्याची ताकद रोजच्या वापरानं साधारण सहा महिन्यांत संपते. दिसायला तो नवाच असतो, दाब मात्र गेलेला असतो. आजोबांच्या पायात सहज सुळकन जायला लागला, याचा अर्थ त्यांना सवय झाली असा नसतो.

उन्हाळ्याचं काय? एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे घट्ट मोजा घालून राहा म्हणणं सोपं, घालणं अवघड. सकाळी थंड वेळी घालून दुपारी वरून पाण्याचा हलका फवारा मारला तर बाष्पीभवनानं गारवा मिळतो. जास्त दाबाचा मोजा कपाटात ठेवण्यापेक्षा कमी दाबाचा पायात असलेला बरा, हे मात्र कुठल्याही ऋतूत खरं. वाकता येत नाही, हातात जोर नाही, अशांसाठी आता व्हेल्क्रोच्या पट्ट्यांची आवरणं मिळतात, सैल झाली की बसल्या जागी ओढून घ्यायची. हे व्हेल्क्रो तरी कुठून आलं? जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरच्या कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून. आपल्या बांधावरचं लांडगं धोतराला चिकटतं, तोच प्रकार.

थांबा, दुकानात धावण्याआधी एक फार महत्त्वाची अडचण. आतापर्यंत आपण फक्त परतीच्या वाटेबद्दल बोललो. जाण्याचीच वाट, म्हणजे रोहिणी, अरुंद झालेली असेल तर? मग पायाला आधीच रक्त पुरत नाही, आणि बाहेरचा दाब उरलंसुरलंही बंद करतो. मधुमेह, विडी-सिगारेट, तंबाखू, वय, ही त्याची कारणं. तरुण विडी ओढणाऱ्यांत बर्गरचा रोग होऊन बोटं काळी पडतात, त्या जखमेला दाब म्हणजे घात. दोन्ही जखमा पायावरच, उपाय एकमेकांच्या विरुद्ध! ओळखायची चाचणी सोपी आहे. घोट्याचा रक्तदाब मोजायचा, दंडाचा मोजायचा आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. भागाकार ०.८ च्या वर असेल तर साधारणपणे पूर्ण दाब देता येतो, त्याखाली जपून आणि तज्ज्ञाच्या नजरेखाली, ०.५ च्या खाली असेल तर मोजा नाही, आधी रोहिणीचा इलाज. मधुमेह्यांच्या रोहिण्या कडक होऊन हा आकडा खोटाच मोठा दाखवू शकतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत केवळ त्यावर विसंबत नाहीत. म्हणून पहिला मोजा डॉक्टरांनी पाय तपासल्यावरच. दोन्ही पाय सुजले असून दम लागत असेल तर प्रश्न हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा असू शकतो, तिथे पाय पिळून पाणी हृदयाकडे ढकलणं धोक्याचं. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मोजा घातल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, ठणकू लागली तर ताबडतोब काढायचा.

पूर्व विदर्भात, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीकडे, सुजलेल्या पायामागे वेगळाच चोर असतो. डासांतून आलेले हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं मुक्काम करतात आणि त्या धडधडणाऱ्या नळ्या निकामी करतात. तिथला रोजचा उपाय साबण-पाण्यानं पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, पाय उंच ठेवणं, घोटा हलवणं. कारण साचलेल्या पाण्यात जंतू फोफावतात आणि पाय लाल होऊन थंडी वाजून ताप येतो. असा ताप वारंवार येणाऱ्या, जुनाट सूज असलेल्या पायांवर ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात एक चाचणी झाली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. दाबाचे मोजे घालणाऱ्यांत १५ टक्क्यांना पुन्हा ताप आला, न घालणाऱ्यांत ४० टक्क्यांना. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी मुदतीआधीच थांबवून सगळ्यांना मोजे दिले. कापड जंतू मारत नाही. ते फक्त त्यांचं तळं आटवतं.

जखम भरली की मोजा अडगळीत टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. पण बिघडलेली दारं जखमेबरोबर दुरुस्त होत नाहीत. सव्वाशे सेंटिमीटरचा स्तंभ दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. मग बिघडलेल्या शिरेचंच काही करता येत नाही का? येतं, आणि ते ऐकून पुन्हा चक्रावायला होतं. लेझरनं किंवा उष्णतेनं ती शीर आतून जाळून कायमची बंद करतात! वाट बंद केल्यावर रक्त वर जाणार कसं? त्याचं असं आहे की कातडीखालची ती शीर रक्त वर नेतच नव्हती, खाली सांडत होती. पायातलं बहुतेक रक्त मुळात खोलवरच्या शिरांतून वर जातं, आणि गळती थांबली की त्यांचं काम हलकं होतं. ही प्रक्रिया लवकर केलेल्या रुग्णांच्या जखमा मध्यक ५६ दिवसांत भरल्या, उशिरापर्यंत थांबलेल्यांच्या ८२ दिवसांत, असं २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या चाचणीत दिसलं. आणि हो, दाबाची पट्टी किंवा मोजा दोन्ही गटांच्या पायांत होताच.